दुसऱ्यांच्या गोलमध्ये

१६ जानेवारी

सकाळी प्रॅक्टिसऐवजी मांजा गोळा केला. उत्तरायणाची पतंगबाजी संपली तरी गोलच्या जाळीत, कोपऱ्यातल्या झेंड्यांना, सगळीकडे गुलाबी दोरा. सोलंकी सर म्हणाले, नॅशनलच्या पोरी येतायत, एकीचा जरी पाय अडकला तर आपलं नाक कापलं जाईल. आमच्या पायांची काळजी त्यांना तीन वर्षांत कधी वाटली नव्हती.

म्हणजे बातमी खरी. देशाचा ज्युनियर मुलींचा संघ उद्या सिल्वासात. तीन प्रदर्शनी सामने, समोर आमची युनिव्हर्सिटी. दौऱ्यावर जायच्या आधी त्यांना सराव हवाय, आणि सरावाला कुणीतरी हरणारं लागतं.

कल्पी दिवसभर हवेत. "वैशू, एक गोल. बस, एकच." ती फॉरवर्ड, मी कीपर, शाळेपासून एकत्र. परीक्षा झाली की तिला खडोलीच्या कंपनीत पॅकिंगला जायचंय, तिच्या बापाने सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. एकदा गेली की हॉकी संपली. ज्युनियरच्या वयाचं दोघींचंही हे शेवटचं वर्ष. त्यांच्या कोच मॅडमच्या नजरेत भरलं तर नॅशनल कॅम्पला बोलावणं येऊ शकतं, नाहीतर कुणी बोलावत नाही.

मलाही नजरेत भरायचंय. हे मात्र तिला म्हटलं नाही.

१८ जानेवारी

पहिला सामना. ०–११.

लिहायला जोर नाही. किती आत गेले ते बोर्डावर दिसतं, किती अडवले ते कुठेच नाही. त्यांच्या पेनल्टी कॉर्नरचा एक बॉल पॅडच्या वर, मांडीवर बसला. जागा काळी पडलीय.

कल्पीला बॉलच मिळाला नाही. अर्धा वेळ ती माझ्याच डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, येऊन बॉल काढत होती. फॉरवर्डवर ही वेळ. शेवटी एकदा एकटी पळत सुटली, दोघींना चुकवलं, तेवढ्यात शिट्टी. संपलं.

पप्पा पहिल्या शिफ्टवरून आले तसे दारातच, "कितला गोल व्हयनात?" सांगितलं. जेवले. हात धुताना म्हणाले, "तुले लागनं का?" नाही म्हटलं. मांडी दाखवली असती तर उद्यापासून खेळ बंद.

१९ जानेवारी

आज सामना नव्हता. त्यांच्या मॅडम आमच्या सरांकडे आल्या. एक कीपर घोटा मुरगळून बसलीय, दुसरीचं मनगट सुजलंय, दौऱ्याआधी तिला जपायचं आहे. "उरलेल्या दोन्ही सामन्यांना तुमची कीपर द्या ना." शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. नंतर लाज वाटली. थोडीशीच. खरं सांगायचं तर आनंदच झाला होता.

कल्पीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या गोलमध्ये?"

"हिना."

हिना फर्स्ट इयरची, अजून बॉल आला की डोळे मिटते. कल्पी जरा वेळ बुटाची नाडी सोडत बसली. मग म्हणाली, "जा ने. तुझं तरी होऊ दे." आणि हसून, "पण मी समोर आले तर सोडणार नाही हां तुला."

२० जानेवारी

दुसरा सामना. निळी जर्सी, पाठीवर नाव नाही, खांद्यावर सैल.

त्यांच्या गोलमध्ये कामच नसतं. बॉल सगळा पलीकडे. इथून आमच्या पोरी किती लहान दिसतात, किती गोंधळलेल्या. मी तिथे असते तेव्हा आम्ही अशाच दिसतो हे आज कळलं. हिनाच्या मागे जाळी हलत राहिली. दोनदा तोंडातून "हिना, पुढे ये" असं निघून गेलं आणि निळ्या पोरी वळून बघायला लागल्या. पोरी वाईट नाहीत. एकीने आपली पाण्याची बाटली दिली, दीदी म्हणाली. तिच्याहून मी दोनच वर्षांनी मोठी असेन.

अख्ख्या सामन्यात एक बॉल आला. कल्पी घेऊन आली.

डावीकडून घुसली. तिने स्टिक उलटी केली त्याच्या आधीच मला माहीत होतं. ती उलट्या स्टिकने मारते, जमिनीला चिकटून, लांबच्या खांबाकडे. शाळेत असल्यापासून. मी पाय तिथे नेऊन ठेवला आणि बॉल पायावर येऊन आपटला. एवढंच. निळ्यांपैकी कुणीतरी माझ्या हेल्मेटवर थाप मारली. कल्पी डीच्या रेषेवर स्टिक धरून तशीच उभी होती. आमच्या बाजूच्या एकीनेही टाळी वाजवली नाही, आणि का वाजवावी.

सामन्यानंतर मॅडमनी बोलावलं. "कमाल कर दी. तुम तो पहले से ही उधर थी. कैसे पता चला?"

नुसतं हसायचं होतं. मोठेपणा नको म्हणून मी म्हटलं, "उसमें क्या मॅडम, वो हमेशा उधर ही मारती है. उसका एक ही शॉट है."

मॅडम हसल्या, मान हलवली. मीही हसले. रिक्षा डोकमर्डीला घराशी पोचल्यावर, खाली उतरून पॅडची बॅग ओढताना डोक्यात आलं, मी काय बोलून बसले.

२१ जानेवारी

उगाच घाबरतेय असं रात्री स्वतःला समजावलं होतं. उगाच नव्हतं.

सर म्हणाले, मॅडमनी परवाच कल्पीची चौकशी केली होती. पळते चांगली, वळते चांगली, जन्मतारीख काय. काल मात्र म्हणाल्या की राहू द्या, एकच शॉट आहे तिचा, वरच्या लेव्हलला दोन मिनिटांत ओळखतील. सरांनी हे सगळं कल्पीलाही सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, नेहमीसारखं फटकन.

ती मला म्हणते, "एक ज वेळा, एकदाच मारला ना मी? एकावरून कसं ओळखलं गं तिने? नॅशनलवाल्यांची नजर बघ." आवाजात राग नव्हता. कौतुक होतं.

मी तोंड उघडलं आणि काय म्हटलं? "हो ना."

हो ना! थोबाडात मारून घ्यावीशी वाटली.

तिने डोळे पुसले आणि कामालाच लागली. दुसरा शॉट शिकायचा, उद्याच्या आत. जवळच्या खांबाकडे, वर उचलून. मी गोलमध्ये उभी, ती मारतेय. आधी सगळे बाहेर. मग खांबाला. मग मधूनच एखादा असा आत यायचा की मला हात उचलायला वेळ मिळत नव्हता. वॉचमनने दिवे घालवले तेव्हा थांबलो. तिच्या तळहाताची साल निघाली होती.

जाताना म्हणाली, "उद्या पण त्यांच्यातच ना तू?"

"हो."

"मग हे कोणाला सांगू नको हां."

सांगायचं ते तिथेच, गेटवर सांगायला हवं होतं. ती सायकलवर बसून गेली.

२२ जानेवारी

तिसरा सामना. १–८. आमचा एक.

सामना संपत आलेला. कल्पी डावीकडून, परवासारखीच, मध्ये कुणी नाही. मी जवळच्या खांबाकडे सरकले. काल दिवे जाईपर्यंत तिथेच मारत होती ना. तिने स्टिक उलटी केली आणि बॉल जमिनीला चिकटून लांबच्या खांबाकडे गेला. नेहमीचाच. मी वळेपर्यंत गोलमधली मागची फळी वाजली.

आमच्या बाकावर नुसता दंगा. हिना रडायला लागली. तीन सामन्यांतला आमचा एकमेव गोल. कल्पी नाचली नाही. चालत माझ्यापर्यंत आली.

"सोडलास?"

"नाही."

"आईची शप्पथ?"

"शप्पथ. तू काल शिकलीस तो मारशील वाटलं."

"ऐन वेळी हात तिकडेच गेला," ती म्हणाली. विश्वास बसायला लागला होता तिचा, चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ हसायला सुटत होते.

शिट्टी झाली आणि मॅडम आत आल्या. माझ्यावर चिडलेल्या. "तुमने ही तो बताया था ना, इसका एक ही शॉट है? फिर वही कैसे खा लिया?"

कल्पी तिथेच, हाताच्या अंतरावर. तिने तोंडातला गार्ड काढला. मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर दोन्ही संघ ओळीने हात मिळवत होते तेव्हा मी निळ्यांच्या ओळीत. बाकीच्यांचे मिळवले तसाच तिने माझाही हात मिळवला.

मी सोडला नाही. हे इथे कुणासाठी लिहितेय कळत नाही. ती तिथे मारेल असं वाटलं म्हणून सरकले, की तिने तिथे मारून मॅडमना खोटं पाडावं असं वाटत होतं म्हणून, हे आता माझं मलाच नीट सांगता येत नाही. पण सोडला नाही.

२३ जानेवारी

त्यांना आज वासोण्याच्या सफारीत सिंह दाखवायला नेलं. बसमध्ये माझीही जागा धरली होती म्हणे. गेले नाही. त्यांच्या मॅनेजरचा निरोप, जर्सी धुऊन परत द्या. धुतली, दिली.

कल्पीला चार फोन. उचलला नाही. मग मेसेज लिहिला, मोठा, सगळा खुलासा, मॅडमनी काय विचारलं, मी का तसं बोलले. वाचून बघितला तर त्यात सगळीकडे मीच बिचारी. पुसून टाकला.

२५ जानेवारी

प्रॅ. नाही, ग्राउंडवर उद्याच्या परेडची तालीम. सरांना विचारलं, कॅम्पचं काही? म्हणाले, येईल आला तर फोन. कोणासाठी, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

मम्मी विचारते, "कल्पना येत नई का आजकाल?" परीक्षा आहे म्हटलं. परीक्षा मार्चमध्ये आहे हे मम्मीला माहीत आहे.

२८ जानेवारी

कल्पी प्रॅक्टिसला आली. मला वाटलं होतं, खेळच सोडेल. वॉर्मअपला तिसऱ्या रांगेत, माझ्यापासून लांब. नंतर सर ऑफिसात गेले आणि बाकीच्या पाणी प्यायला, तेव्हा बॉलची बादली घेऊन डीपाशी आली.

मी हेल्मेट काढलं. म्हटलं, "कल्पी, मी मुद्दाम नाही—"

"अजून काय सांगितलं होतं तिला?"

"काही नाही. तेवढंच एक वाक्य."

ती बादलीत बघत होती. "पळते चांगली, हिंमतवाली आहे, असं काही?"

"तिने विचारलं नव्हतं."

"एक शॉट आहे का, हे तरी कुठे विचारलेलं?"

दोन वाक्यं जास्तीची बोलले असते तर तोंड झिजलं नसतं. मी स्वतःपुरतंच बोलून आले.

तिने बॉल ओतले, स्टिकने एक पुढे ओढला.

"हेल्मेट घाल," ती म्हणाली. "लागेल."

मी घातलं आणि उभी राहिले.