बाजाररस्त्यावरचे थांबे

प्रिय एल्दार,

शेजारच्या बाकितची गाडी आज बिश्केकला निघालीय. तिच्यातून आईने तळलेले बोरसोक पाठवतेय, त्यांच्याच पिशवीत हे पत्र. फोन केला असता. पण हल्ली तू बोलतोस तेव्हा तुमचे साहेब शेजारी बसून ऐकत असतात असं मला वाटत राहतं. राग मानू नकोस. इथे ओशमध्ये सगळं ठीक आहे, जर्दाळू मोहरलाय. आईचा दमा मात्र थंडीबरोबर गेला नाही.

तुमच्या कंपनीचं काम नगरपालिकेने तपासायला माझ्याकडेच दिलं, हे तुला कळलं असेलच. संगणकात आपलं अख्खं शहर उभं केलंस, चौक, सिग्नल, धावत्या गाड्यांसकट. बघून ऊर भरून आला. आईने पडद्यावर आपली गल्ली शोधली आणि म्हणाली, "अगं, यातल्या मार्श्रुत्का बसगाड्या कुणासाठी थांबतच नाहीत! मी पिशव्या घेऊन उतरायचं कुठे?" आम्ही दोघी हसलो. मग मी नीट पाहिलं.

म्हातारी हात करेल तिथे आपली मार्श्रुत्का उभी राहते आणि मागचा रस्ता तुंबतो, हे तुला ठाऊक नाही असं कसं म्हणू? नदीकाठी, स्टेशनाकडे, सगळीकडे तू तसंच दाखवलंयस. एकट्या बाजाररस्त्यावर त्या शहाण्या मुलांसारख्या फक्त खांबापाशी थांबतात. आणि नेमक्या त्याच रस्त्याने दक्षिणेकडच्या केंद्राची रुग्णवाहिका सुसाट येते, म्हणून बाजाराजवळचं रुग्णवाहिकांचं केंद्र बंद केलं तरी चालेल, असा तुमचा अहवाल! त्या जागेवर कुणाचा डोळा आहे हे आपली भाजीवालीसुद्धा सांगेल.

मी विचारलं तर म्हणालास, "एजे, ताई गं, राहिलं असेल नजरचुकीने." आणि लगेच आईच्या तब्येतीची चौकशी. इतका गोड तू लहानपणीही खोटं बोलतानाच व्हायचास. मी ते थांबे परत घातले आणि मॉडेल चालवलं. रुग्णवाहिका बाजारातच अडकून पडते. गेल्या हिवाळ्यात आईला दम्याचा झटका आला, तेव्हा गाडी बाजाराजवळच्या त्याच केंद्रातून वेळेत आली म्हणून ती आज तुझ्यासाठी बोरसोक तळतेय. हे तुला माहीत असून तू केलंस का, या एका प्रश्नाने मला झोप नाही.

शुक्रवारी नगरपालिकेत तुमच्या अहवालावर सुनावणी आहे. तुझं शहर आणि माझं शहर मी पडद्यावर शेजारी शेजारी चालवून दाखवणार आहे. आईला धाकट्याचं काम बघायला पुढच्या रांगेत बसायचंय, त्यासाठी तिने डोक्याचा नवा रुमाल काढून ठेवलाय. तिला मी काही बोललेले नाही. थांबे काढले कुणी, हे तिथे विचारणारच. तुला ते काढायला लावलं असेल तर ये आणि तसं स्वतःच्या तोंडाने सांग. मी तुझ्या बाजूला उभी राहीन. नाही आलास तर आईसमोर मला तुझं नाव घ्यावं लागेल, एल्दार, आणि मी ते घेईन.

अजूनही तुझीच मोठी बहीण,
बुरुल