‘उतर खाली’चं पस्तिसावं वर्ष

२ मार्च, सकाळी ७
ठरलं! बँडला पस्तीस वर्षं झाली म्हणून तीस तारखेला टाउन हॉलमध्ये शो. शेवटचं गाणं अर्थातच ‘उतर खाली’. खुर्चीला चिकटलेल्या सत्ताधाऱ्यांवर मी अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेलं जळजळीत गाणं. बंदी येणार, अटकही होणार. अटकेच्या फोटोसाठी लेदरचं काळं जॅकेट काढून ठेवलं. चेन लागत नाही. चेन जुनी झालीय.
संकल्प: थंड पाणी बंद. रोज एक तास रियाज.

३ मार्च
थंड पाणी प्यायलो. फार उकडत होतं. रियाज उद्यापासून, आज शेजारीण दुपारी झोपली होती.

६ मार्च
पहिली तालीम. दाताच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, दवाखाना बंद झाल्यावर. डॉक्टर बेस वाजवतो. ड्रम्सवर मेहुणा. गिटारवाल्याला आम्ही ‘खांब’ म्हणतो, कारण पस्तीस वर्षांत तो स्टेजवर हललेला नाही. ही, म्हणजे आमची बायको, कोपऱ्यात आवाजाचा मिक्सर सांभाळते.
मेहुण्याने चार मोजले, मी गाणं उचललं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, परत अर्धा ठोका उशीर. म्हटलं, बाबा रे, याला फील म्हणतात. किती वर्षं सांगायचं?
दुसरं कडवं मुद्दाम विसरलो, हिचं लक्ष आहे का बघायला. हिने मिक्सरमागून अख्खं सांगितलं. लक्ष असतं.

९ मार्च
खांब बोलला! गाणी कुठली, कपडे कुठले, सगळं मीच का ठरवतो म्हणे. त्याला आमच्या बँडची लोकशाही समजावली. पहिल्याच वर्षी मी स्वतः नियम लिहून काढलाय: वाद झाला की ड्रमरने चार मोजायचे, चारच्या ठोक्याला हात वर. चारनंतर आलेला हात बाद. डॉक्टरने विचारलं, शेवटचं मतदान कधी झालं? सव्वीस वर्षांपूर्वी. नंतर गरजच पडली नाही. सगळ्यांची मतं मला आधीच माहीत असतात.

१२ मार्च
नवं कडवं! टॉयलेटमध्ये सुचलं.
‘किती वर्षं हाच चेहरा, हीच बडबड, हाच तोरा,
विचारलंस का कधी कुणाला? उतर खाली, आवर पसारा!’
तालमीत म्हणून दाखवलं. मेहुण्याने हळूच विचारलं, हे नक्की कुणावर आहे? म्हटलं, ज्याला लागेल त्याच्यावर. खांबाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. खांब हलला! याला म्हणतात गाण्याची ताकद.

१५ मार्च
गाण्याचे शब्द स्वतः पोलीस चौकीत नेऊन दिले. बंदी घालायला त्यांना सोपं जावं. हवालदाराने सगळं वाचलं, शिक्का मारला आणि विचारलं, पार्किंगचं काय?
वरून दबाव असणार. म्हणूनच विषय बदलला.

१७ मार्च
घसा बसला. थंड पाण्याचा काही संबंध नाही. तालीम चुकली. माझ्या जागी ही गायली म्हणे, नुसती जागा धरायला. मूळ पट्टीत. वरचा सूरही लागला म्हणे. कौतुक केलं हिचं.
आपण पट्टी तीनदा खाली आणली, ती कलात्मक कारणांसाठी.

२० मार्च
डॉक्टरचा फोन. शोला कोण गाणार यावर मतदान हवंय. हसूच आलं. ‘उतर खाली’ लिहिणारा माणूस मतदानाला घाबरेल होय? म्हटलं, घ्याच! आभाराचं भाषण लिहून ठेवलं. विरोधकांना माफ केल्याचा उल्लेख दुसऱ्या पानावर.

२१ मार्च
हिच्या बाजूने तीन हात. हिने स्वतः हात वर केला नाही, भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत बसली. माझ्या बाजूने एक हात. माझा. तोही मेहुण्याने बाद केला, चारनंतर आला म्हणून. नियमाचा कागद पुढे धरला. अक्षर माझंच.
घरी येऊन बाथरूमची कडी लावली आणि रडलो. खरंच रडलो. पस्तीस वर्षं त्या माइकमागे उभा आहे, मला दुसरं येतंय काय?

२४ मार्च
तीन दिवस हिच्याशी कडकडीत अबोला धरला. हिला वाटलं, घशासाठी मौन पाळतोय. दर दोन तासांनी गरम पाणी आणून देत होती.
आज म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर नाही गाणार मी. आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासता घासता सगळी कडवी म्हणत होती, कागदाशिवाय. एवढी वर्षं ही मिक्सरमागे बसून ओठ हलवत होती, मी एकदाही वळून बघितलं नाही.
आत जाऊन म्हटलं, गा.
अर्थात हे धोरण आहे. शो साफ पडेल, मग येतील माझ्या पाया पडायला. तोपर्यंत मला खंजिरी दिलीय.

३१ मार्च, सकाळी ९
काल शो झाला. पडला नाही. बंदी नाही, अटक नाही. तो हवालदार तिसऱ्या रांगेत बायकोला घेऊन बसला होता आणि मोठ्याने गात होता.
माझ्या नव्या कडव्याला अख्खा हॉल उभा राहिला. ‘आवर पसारा’ म्हणताना हिने माझ्याकडे बघून डोळा मारला. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मला वाईट वाटलं आणि छानही वाटलं.
मग शेवट. मेहुण्याने चार मोजले, सगळा बँड एका झटक्यात थांबला. हॉलमध्ये चिडीचूप शांतता.
त्यात माझी खंजिरी वाजली.
लोक पोट धरधरून हसले. ही तर माइकवरच हसली. माझ्या गाण्याला इतका प्रतिसाद कधीच मिळाला नव्हता.
आत्ताच मेहुण्याचा फोन आला. खंजिरीवर मतदान घ्यायचंय म्हणे.
म्हटलं, घ्याच. भाषण लिहिलेलं आहे.