कंबर नाशकात, बाई पुण्यात

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

जेल रोड, नाशिकरोड
५ मार्च २००९

तीर्थस्वरूप आक्कास,
धाकट्या उज्वलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मनीषाचं लग्न ठरल्याचं वाचून देवापुढे साखर ठेवली. आठ दिवस आधी ये, म्हणून तू लिहिलंस. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण फोन ह्यांच्या उशाशी. आठ दिवस हा शब्द कानावर पडायचा अवकाश, कंबरेत कळ आलीच असती. रिटायर झाल्या झाल्या हे न्हाणीत घसरले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी घराबाहेर एक रात्र काढलेली नाही. भाऊजी गेल्यापासून तुला माझ्यावाचून हक्काचं कोणी नाही, हेही कळतं. तूच सांग मी काय करू.

आमच्या शेखरने बंगलोरहून नवीनच टूम काढली आहे. फोटो झाले, मशीनमध्ये घालून झालं, तेलं झाली, हाडवैद्य झाला. आता पुण्याच्या राजवाडे मॅडम म्हणून एक मानसोपचारवाल्या बाई दर मंगळवारी कॉम्प्युटरमध्ये दिसणार आणि ह्यांच्याशी बोलणार. कंबर नाशकात, बाई पुण्यात, फी भरणारा बंगलोरात. गोळी नाही, मलम नाही. नुसत्या बोलण्याने कंबर सुधारत असती तर मी सहा वर्षं काय मौन धरून बसले होते? शिवाय तास म्हणतात आणि पन्नास मिनिटांत आटपणार. दूधवाल्याने असं माप घातलं असतं तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता.

आधी हे भडकले. मी वेडा आहे का, म्हणाले. शेखरने समजावलं की दुखणं खरंच आहे, पण फार दिवस दुखलं की मेंदूला त्याची सवय जडते, ती मोडायची आहे. मग तयार झाले.

परवा पहिला मंगळवार. मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून उदबत्ती लावली, तर बाईंना हे धुरात दिसेनात. नंतर मी स्टूल घेऊन शेजारी बसले. कळ कधी येते, झोप कशी लागते, बाई विचारीत आणि मी सांगे. शेवटी बाईंनी हसून विचारलं की कंबर नक्की कोणाची, आणि मला बाहेर बसायला सांगितलं. माझ्याच घरात, मला! स्वयंपाकघरात गेले, पण दार काही लावलं नाही.

आणि बघते तर काय! जो माणूस पानावर दहा मिनिटं बसू शकत नाही, तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ. वीज जाईपर्यंत ताठ. (जन्मभर एकलहऱ्याला वीज तयार केली, आणि ह्यांच्याच वेळेला भारनियमन.) मागाहून विचारलं तर म्हणाले, परक्या बाईमाणसासमोर आडवं कसं व्हायचं? म्हणजे मी परकी नाही, ही शिक्षा मला!

लग्नाला येते असं वचन देत नाही. रागावू नकोस आणि माया आटवू नकोस.

तुझी,
उज्वला


निफाड
१४ मार्च २००९

चि. सौ. उज्वला हीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आन मनीषा लय हसलो. तुझे मालक परक्या बाईपुढं ताठ बसतात तर ती बाई आमच्याकडंच पाठीव, इथं मांडवाच्या मेढी रोवायला माणूस मिळत नाय.

हसून झालं, आता थोरली म्हणून लिहिते. ते सहा वर्षं पलंगावर हायेत, आन तू त्या पलंगाची मालकीण झालीस. ते उठले तर तुला कोण इचारील, ह्याची धास्ती त्यांच्यापरीस तुलाच जास्त. यायचं नसंल तर कंबरेवर ढकलू नको, सरळ लिही. मी लंकाबाईला बोलवीन. ती भाताला दोनदा मीठ घालती, पण बोलावलं की येती तरी.

लोभ तर हायेच, पण पोरगी वाट बघती हेही ध्यानात ठेव.

आक्का


जेल रोड, नाशिकरोड
२२ एप्रिल २००९

तीर्थस्वरूप आक्कास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग आला होता. पलंगाची मालकीण! शेजारणीला पत्र वाचून दाखवलं, तर ती माझी बाजू घ्यायची सोडून चहाची कपबशी विसळायला उठली. तेव्हा काय ते समजले.

त्यातच राजवाडे मॅडमनी मला मुद्दाम पडद्यासमोर बसवलं. दुखतं का, हे विचारणं बंद करा, म्हणाल्या. मी सांगितलं की आमच्यात नवऱ्याची सेवा पुण्याची समजतात. त्या म्हणाल्या, खुशाल करा, पण कण्हल्यावर नको, उठल्यावर करा. चहा पलंगावर न्यायचा नाही, फाटकापर्यंत जाऊन आले की द्यायचा. चालायचंही रोज ठरल्याइतकंच, बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून कमी नाही.

पहिल्या दिवशी हे कण्हले. मी गहू निवडत राहिले. मोठ्याने कण्हले. मी चाळणी बदलली. तिसऱ्यांदा असे कण्हले की वरच्या मजल्यावरचे कुंदनराव धावत खाली आले. देवीची शपथ आक्का, मला फार मजा आली. मग साडेचारला काठी घेऊन स्वतःच फाटकापर्यंत गेले, रागारागाने. पण गेले.

मजा दोन दिवसच टिकली. दुखतं का, हे विचारायचं थांबवलं, आणि आमच्याकडे बोलायला दुसरं काही निघेचना. भरदुपारी दोघं समोरासमोर, वर पंखा. मीच पाचदा उठून पाणी पिऊन आले.

तर मी येते. दोन मेला, आठ दिवसांसाठी. ह्यांना सांगायला काल मंगळवारच धरला. बाई पडद्यावर असतानाच आत गेले आणि बोलून टाकलं. त्यांच्यासमोर कण्हणार कसे? अवश्य जा, म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपले. जीव तुटला माझा. तरी पिशवी भरून ठेवली आहे.

लंकाबाईला निरोप पाठवू नकोस. राग गेला असेल तर माया पहिल्यासारखी कर.

तुझी,
उज्वला


जेल रोड, नाशिकरोड
६ मे २००९

चि. सौ. उज्वला हीस,
अनेक आशीर्वाद. ती. आक्कांना नमस्कार.

पत्र लिहिण्याचा सराव नाही. फोन केला होता, तो तिकडे भलत्याच माणसाने उचलला आणि मांडवाचे दोर कुठे ठेवलेत म्हणून मलाच दरडावलं. तेव्हा लेखी कळवतो.

कंबर दुखते. तुला विचारायची बंदी आहे, मला सांगायची नाही. कुकर लावता आला. वरण करपलं, तेच खाल्लं. भाजी खुर्चीत बसून निवडली. कुंदनराव संध्याकाळी येतात, पण स्वतःच्या गुडघ्याचंच सांगत बसतात. दुसऱ्याचं दुखणं ऐकणं इतकं कंटाळवाणं असतं याची मला कल्पना नव्हती. तू सहा वर्षं कशी ऐकलीस?

काल राजवाडे मॅडमनी विचारलं, या आठवड्यात सर्वांत अवघड काय गेलं. मी कंबर म्हणणार होतो. तोंडातून निघालं, घर. त्या लिहून घेत होत्या. मी तेवढ्यात डोळे पुसून घेतले. कॅमेऱ्यात दिसलं असेल बहुधा.

रविवारी सकाळच्या बसने लग्नाला येतो. कळ येणार, ती धरूनच चाललो आहे. मांडवात खाट टाकवून ठेवू नकोस, खुर्ची पुरे. पाहुण्यांत कण्हलो तर वळून बघू नकोस. पण ऐकू येईल इतक्या अंतरावर राहा.

लोभ असू दे, चौकशी बेताने.

पुंजाराम