पाणी नाही तर पट्टी नाही

मी, मालनबाई सूर्यभान औटी, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार खडकवस्ती, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सरपंच वैजनाथ यांना तो मान्य नसेल, तर त्यांनी आधी स्वतःचा आणावा.

१. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते सून रोहिणी हिला देते, मुलगा कल्याण याला नाही. कल्याणला ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे आणि उमेदवाराला थकबाकी चालत नाही. घर त्याच्या नावावर झालं, तर माझा तेरावा व्हायच्या आत तो पाणीपट्टी भरून मोकळा होईल. घरपट्टी मी दरवर्षी भरते. पाणीपट्टी भरत नाही, कारण नळ बसवल्यापासून त्यातून मुंगळ्यांशिवाय काही आलेलं नाही.

२. मी अराजक माजवते असं वैजनाथ सांगत फिरतात, म्हणून खरी हकिकत नोंदवते. थकबाकीदाराची लाज काढायला त्यांनी माझ्या दारात हलगी लावली. पण आमच्याकडे हलगी वाजते ती टँकर आल्यावर. सगळी आळी हंडे घेऊन धावली. बघतात तर टँकर नाही, नुसते सरपंच. तरी सवयीने हंडे रांगेला लागले. लेकुरवाळी पुढे, आणि बाई नसली तरी तिच्या हंड्याच्या पुढे कुणी सरकत नाही, ही आमची रीत.

वैजनाथ ओरडले, "ही अराजकता हाय! उद्या कुनीच पट्टी भरली न्हाई तर गाव चालंल कसं?"

मी म्हटलं, "वैजूभाऊ, ही रांग कुनी लावली? तुमी? आन् आमचं पानी तुमच्या डाळिंबाला जातंय, त्याला काय म्हनायचं?"

ते तरातरा निघून गेले. हलगीवाल्याला चहा आम्हीच पाजला.

त्यांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. दिवाबत्ती, शाळेचं छप्पर पट्टीतूनच होतं. सगळ्यांनीच हात वर केले तर गाव बसेल, हे मलाही कळतं. म्हणून पट्टीएवढी रक्कम मी दरवर्षी पोस्टात वेगळी टाकते.

३. गिरणी लेक पंकजा हिला. तिने वैजनाथांचं दळण अडवू नये. माझं भांडण त्यांच्या भाकरीशी नाही.

४. कल्याणला वडिलांचा फेटा. बाळा, मला तुझा राग नाही. तू वैजनाथ होशील, याची भीती वाटते.

५. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, त्यामुळे टँकरवाले गनीभाई कोरडेच राहिले. वाईट वाटतं.

६. पोस्टातले पैसे रोहिणीने सांभाळावेत. नळाला पाणी आलं की त्याच दिवशी, इतक्या वर्षांची नाही, तर त्या दिवसापासूनची पट्टी भरावी. उरलेले पैसे शाळेच्या छपराला द्यावेत. योगायोगाने त्याच दिवशी माझं मयत घरात असलं, तर लोकांना थोडं थांबवावं. आधी पट्टी भरून पावती घ्यावी, मग मला उचलावं.

वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली.

सही : मालनबाई सूर्यभान औटी

साक्षीदार :
गनीभाई शेख, टँकरचालक, सुपा
पुष्पावती औटी, शेजारीण

ठिकाण : खडकवस्ती
तारीख : १४ मे २०२५