तारखेची दुरुस्ती

सोमवार, १ डिसेंबर

आलो एकदाचा निपाणीत! बेळगावच्या कंपनीत नुसती खुर्ची गरम करण्यापेक्षा इथं काम तरी आहे. ऑफिस म्हणजे तंबाखूच्या वखारीवरची एक खोली. पहिली सकाळ शिंकण्यातच गेली. मालक मारुतीराव अण्णा निधनवार्तांची वेबसाइट चालवतात. कुणी गेलं की घरचे लोक मोबाइलवरून मजकूर पाठवतात आणि रक्षाविसर्जनाच्या वेळेसकट तो मराठी-कन्नड दोन्हींत लागतो. पै-पाहुणे पेपरच्या आधी आपली साइट बघतात, असं अण्णा मिशीला पीळ देत म्हणाले.

खाली मालुबाईंची चहाची टपरी आहे. चहा फक्कड. मावशी म्हटलं तर रागावल्या, आक्का म्हणत जा रं मंथन, म्हणाल्या.

घरी पूर्णिमाला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, लगीन होऊन दोन म्हयनं झालं न्हाईत तवर मेलेल्यांच्यात जाऊन बसलासा व्हय! हसून पुरेवाट झाली.

बुधवार, ३ डिसेंबर

माझ्या आधी इथं सौरव नावाचा पोरगा होता. त्याचा प्रोग्राम उघडला आणि डोकं तापलं. आलेला मजकूर टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतो: आधी नाव-गाव वेगळं होतं, मग तारीख तपासली जाते, मग कन्नड, मग पान. मध्ये एरर आली की या पठ्ठ्यानं ती सरळ गिळून टाकलीय. ना नोंद, ना सूचना, वार्ता गडप! आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात याला पाप म्हणतात.

तारखेच्या टप्प्यावर अशा बऱ्याच वार्ता अडकून पडलेल्या दिसल्या. सगळ्यांत मृत्यूची तारीख पुढची, काहींची तर वीस-तीस वर्षांनंतरची. आकडे वाचण्यात गफलत होत असणार. जुन्या तशाच ठेवल्या आणि नव्यांसाठी दोन नियम घातले. तारीख पुढची असेल तर आजची धरायची. नाव रिकामं असेल तर मजकूर उघडणाऱ्याचं नाव लॉगिनमधून घ्यायचं. हा दुसरा नियम खरं तर पाठवणाऱ्याच्या नावापुरता, पण कंटाळा आला, सगळ्याच नावांना लावून टाकला. एरर बंद! अण्णा खूश, मी त्याहून खूश.

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी बोरगावच्या यमनाप्पांचा फोन. त्यांची निधनवार्ता साइटवर, आणि बोलतायत ते स्वतः! मी जिता हाय की रं, सुनंनं रडून गाव गोळा केलंय, म्हणून पेटले होते. हात जोडून माफी मागितली, वार्ता लगेच उतरवली. कुणीतरी खोडसाळपणा केला असणार. अण्णांना तर हसू आवरेना.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. जेवून उठताना यमनाप्पा कोसळले, जागेवरच गेले. वार्ता परत लावा म्हणाला.

योगायोग. दुसरं काय असणार?

शनिवार, ६ डिसेंबर

आल्या आल्या साइट उघडली. मालुबाई. फोटोसकट.

पळत खाली गेलो तर आक्का चहा गाळत होत्या. त्यांना दाखवलं तर पोट धरून हसल्या. मला कुटला येळ हाय रं मरायला, म्हणाल्या. मी वार्ता काढून टाकली. दुपारी त्या बाकावर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

मूळ मजकूर शोधला. तारीख २०४१ सालची. पाठवणाऱ्याचा नंबर नाही. आजची तारीख माझ्या नियमानं घातली. चहा आता कुणाच्या हातचा प्यायचा? मला रडू येतंय.

रविवार, ७ डिसेंबर

सौरवला फोन लावला. तो आता खडेबाजारात साड्यांच्या दुकानात असतो. त्यानं एवढंच विचारलं, तारीख दुरुस्त केलास व्हय रं? त्या तारखा चुकीच्या न्हाईत, म्हणाला. ज्याचा दिस येतो त्याची वार्ता त्या दिवशी परत येती आणि लागती. त्याआधी आली की गिळायची. कोण धाडतंय ते त्यानं शोधलं नाही. भ्या वाटलं, म्हणाला.

म्हणजे यमनाप्पांना मी मारलं. आक्कांना मी — पंधरा वर्षं होती त्यांची.

उद्या पहिल्यांदा तो नियम काढतो.

सोमवार, ८ डिसेंबर

तारखेचा नियम काढला. अण्णा संकेश्वरला गेलेत, ऑफिसात मी एकटा.

एक वार्ता रात्रीच येऊन कन्नडच्या टप्प्यावर अडलीय. पूर्णिमा. माझी पूर्णिमा. मूळ तारीख २०६८. पण तारखेचा टप्पा तिनं आधीच ओलांडलाय — आजची पडलीय.

पुसता येत नाही. थांबवता येत नाही. मशीन बंद करून काय उपयोग, सगळं चालतंय दूरच्या सर्व्हरवर.

पूर्णिमाला फोन केला. डबा घेऊन स्कूटरवरून निघतच होती. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या — ओरडलो तिच्यावर, घराबाहेर पडू नकोस म्हणून. बायकोवर असं कोण वराडतंय व्हय, म्हणून रुसली. रुसू दे. घरी आहे.

मजकूर उघडला. पुसत नाही, तारखेचा रकाना बंद, पण नाव बदलता येतंय! नाव खोडलं. रकाना रिकामा करून सेव्ह केलं. नाव नाही तर मरणार कोण? हसतोय मी वेड्यासारखा.

पुढे सरकली. कन्नड झालं —

नाव रिकामं. दुसरा नियम काढायचा राहिला. लॉगिन माझंच —

पान लागलं. मंथन. फोटो माझा. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी. खाली शोकाकुल म्हणून पूर्णिमा.

ती वाचली. हे आधी लिहितो, ती वाचली. छातीत काहीतरी — पूर्णे, साइट बघू नकोस, आज नको, आणि डबा घेऊन इकडं ये