मौनी: एका निःशब्द कॉम्प्युटरची जुळवाजुळव

७ ऑक्टोबर, सोमवार. डार्विन, उत्तर ऑस्ट्रेलिया.
अॅडलेडहून प्रूचा फोन. प्रू म्हणजे रेडिओवरची माझी निर्माती. वय एकतीस, आवाज मधाळ, मजकूर कडू. म्हणाली, नेव्हिल, तुझ्या 'उत्तरेच्या पत्रा'त मागे सतत गुणगुण येते, तू फ्रीजमध्ये बसून वाचतोस का? मी म्हणालो, मला येत नाही ऐकू. ती म्हणाली, आम्हा सगळ्यांना येते.
थोडक्यात: १५ नोव्हेंबरला दुपारी बारापर्यंत स्वच्छ आवाजाचं पत्र गेलं नाही, तर नवीन वर्षापासून रविवार सकाळची माझी चार मिनिटं हवामानाला. अकरा वर्षं मी दर रविवारी बोलतो आहे. आणि हवामानाला! डार्विनच्या हवामानाबद्दल चार मिनिटं काय बोलणार? गरम आहे. संपलं.
दोषी कोण ते लगेच कळलं. जुना कॉम्प्युटर. त्याचे पंखे.
संकल्प: संपूर्ण निःशब्द आणि अतिबलवान कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडणे. त्याला साजेशी खोली सिद्ध करणे. मुदत दोन आठवडे. पुरे.

तोच दिवस, संध्याकाळ.
कोरलला सांगितलं. कोरल माझी पत्नी; शाळेची बस चालवते, आणि बत्तीस पोरांना नुसत्या आरशातून गप्प बसवते. म्हणाली, आधी कान तपासून घे. ज्याने कॅनबेराच्या विद्यापीठात चार वर्षं संस्कृत घोकलं, ज्याला ऱ्हस्वदीर्घाचा फरक झोपेत कळतो, त्याला हे ऐकावं लागतं. उत्तर दिलं नाही. मौन हेच उत्तर.
कॉम्प्युटरचं नाव ठरलं: मौनी.

९ ऑक्टोबर.
विनेली भागात मनोलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. मनोली मला प्रोफेसर म्हणतो. मी एकदाही दुरुस्त केलेलं नाही. विचारलं, यावर करायचं काय, प्रोफेसर? मी: आवाज रेकॉर्ड. तो: किती? मी: चार मिनिटं. तो: रोज? मी: आठवड्याला. तो म्हणाला, अहो, मग खिशातला फोन पुरतो की. दुकानदार असून विकायची इच्छा नाही. ग्रीक माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.
सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला. पंखा एकही नाही. नुसत्या तांब्याच्या नळ्या आणि पातळ पत्र्यांचा डोंगर, उष्णता आपोआप निघून जाते. मनोली म्हणाला, निघून जाईल, पण डार्विनात, या महिन्यात, ती जाणार कुठे? बाहेरची आत यायला बघतेय. अशिक्षित विनोद.

१३ ऑक्टोबर, रविवार.
जोडणी. घाम चष्म्यावर, चष्म्यावरून मदरबोर्डवर. एक स्क्रू आत पडला. मौनीला उलटा करून हलवला, तर दोन पडले. शेवटी तीन स्क्रू उरले. कंपनीने जादा दिले असावेत.
देस्पिना येऊन बघून गेली. ही शेजारीण, पासष्टीची, विधवा, जन्म ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचा, कुतूहल सगळ्या जगाचं. म्हणाली, नेव्हिल, ट्रकचा रेडिएटर घरात कशाला आणलास रे?

१४ ऑक्टोबर, दुपारी ४.
मौनी सुरू केला. काय शांतता! कान लावून बसलो. श्वाससुद्धा नाही. डोळे भरून आले.

४.१०.
भिंतीवरचं बटण बंद होतं.

४.१५.
आता चालू आहे. तरीही तीच शांतता. कोरल म्हणाली, तुला शांतच वाटणार, परवा मी मिक्सर लावला तेव्हा म्हणालास, आज किती निवांत आहे. मत्सर.

१८ ऑक्टोबर.
पहिलं रेकॉर्डिंग. एसी बंद (आवाज). छताचा पंखा बंद (आवाज). खिडक्यांच्या काचपट्ट्या मिटल्या. घर बांधल्यापासून त्या मिटलेल्या नव्हत्या, दोन तुटल्या. खोलीत सदतीस अंश. तिसऱ्या वाक्याला मौनी अठ्ठ्याण्णव अंशांवर गेला आणि स्वतःहून बंद पडला. पुन्हा सुरू केला. तिसरं वाक्य. बंद. असं नऊ वेळा. ते वाक्य इतकंही चांगलं नाही हे पाचव्या वेळी लक्षात आलं.

२३ ऑक्टोबर.
मौनी मेला. जळका वास. मागचं झाकण काढलं तर आत पाल. ऊब मिळाली म्हणून शिरली, नको तिथे पाय टेकला, वीज पुरवणाऱ्या डब्यासकट गेली. मनोली फोनवर इतका हसला की दुकानातली गिऱ्हाइकंही हसायला लागली. प्रोफेसर, म्हणाला, इथे लोक टोस्टरलासुद्धा जाळी लावतात, तुम्ही पंचवीस वर्षं राहता कुठे?
नवा डबा बसवला. आता जाळी हवी. बायकांचे लांब नायलॉनचे मोजे उत्तम. कोरल म्हणाली, या गावात कोण घालतंय ते, मी शेवटचे लग्नात घातले. देस्पिनाने तिचे दिले, नवऱ्याच्या, म्हणजे यानिसच्या, अंत्यविधीचे, काळे. मौनी आता सुतकात असल्यासारखा दिसतो.

२९ ऑक्टोबर.
नवी योजना: कपडे आवाज शोषतात. सबब कार्यस्थळ कपाटात. अॅडलेडला न्यायच्या दोन गरम कोटांच्या मध्ये माइक टांगला, मांडीवर कीबोर्ड, दार आतून ओढून घेतलं. आवाज अप्रतिम. दीड मिनिट छान गेलं. पुढचं आठवत नाही.
कोरलने पाय धरून बाहेर काढलं. डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवत म्हणाली, विधवा व्हायला माझी ना नाही, पण पोलिसांना काय सांगू, कपाटात सापडला म्हणून?

२ नोव्हेंबर.
कपाट रद्द. खोलीत, पहाटे साडेपाचला, गारव्यात. मौनी टिकला! शेवटच्या परिच्छेदापर्यंत आलो आणि पत्र्यावर आंबा पडला. पुन्हा. पुन्हा आंबा. या झाडाला माझा शेवटचा परिच्छेद आधीपासून माहीत असतो. कोरलला म्हणालो, झाड तोडू. तिने माझ्याकडे आरशातून बघतात तसं बघितलं.

५ नोव्हेंबर.
प्रूची ईमेल. परवाच्या पत्रातही गुणगुण आहेच. हवामानाचा माणूस नक्की झाला, त्याचं नाव टायसन. टायसन! संधी-समास सोडा, त्या माणसाला पूर्णविरामही माहीत नसेल.
दहा दिवस राहिले. जेवण जात नाही. बाररामंडी मासा होता, म्हणून थोडा गेला.
रात्री विचार आला: ती चार मिनिटं गेली तर रविवारी सकाळी मी कोण? सोमवार ते शनिवार मी काय असतो ते मला माहीत आहे. कुणी नाही. हे इथेच राहो.

८ नोव्हेंबर.
सुचलं! इतकं सोपं की लाज वाटली. मौनीला खोलीत ठेवायचंच कशाला? आमचं घर इथल्या सगळ्या जुन्या घरांसारखं खांबांवर. खाली मोकळं, सावली, वारा. मौनी खाली. वर फक्त मी, माइक आणि स्क्रीन. केबल जाण्यापुरतं खोलीच्या जमिनीत एक भोक.
कोरल बसवर असताना पाडलं. दोन बोटं जाईल इतकं हवं होतं. मनोलीकडून आणलेलं ड्रिलचं पातं मोठं निघालं. आता बशी जाईल इतकं आहे. हवा खेळती राहील.
मौनी खालच्या टेबलावर बसवला. कोरल म्हणाली, अरे, हे आमचं टेबल, मी आणि देस्पिना कुठे बसायचं? मी म्हणालो, त्याच्या शेजारी. मी कुणाला घालवत नाही. ती भोकाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, झुरळं येतील. बस एवढंच. मला वाटलं होतं जास्त होईल.

१२ नोव्हेंबर.
चार वेळा चाचणी. मौनी खाली थंड. वर पूर्ण शांतता. मीच ऐकली. टायसनची कीव येते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११.१०.
बसलो. पत्राचा विषय: मौन. आयुष्यातलं सर्वोत्कृष्ट लिहिलं आहे. शाळेला सुट्टी, कोरल घरी; खाली देस्पिनाबरोबर कैऱ्या कापते आहे. त्यांना गप्प बसायला सांगायला गेलो नाही. मजला वेगळा, जग वेगळं.

११.५१.
पाठवलं! ऐकून बघायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती.

दुपारी २.३०.
प्रूचा फोन. बोलताच येईना, इतकी हसत होती. दुसऱ्या परिच्छेदातल्या विनोदाला असणार, म्हणून थांबलो. मग तिने विचारलं, त्या दोघी कोण?
कोण दोघी?
तिने फोनवर ऐकवलं. मी म्हणतोय, मौन ही वाणीची माता आहे. आणि त्याखालून, विहिरीतून यावा तसा स्वच्छ, देस्पिनाचा आवाज: काय करतोय गं तो वर? कोरल: मौनावर बोलतोय. चाळीस मिनिटं झाली. देस्पिना: माझा यानिस मौनावर अवाक्षर बोलला नाही हो. नुसता गप्प बसला. एकवीस वर्षं. कोरल: नशीब काढलंस. मग सुऱ्यांचा आवाज, मग दोघी हसतायत. मी वर, मौनाचे प्रकार सांगतोय.
मग कोरल: गरम आहे, एवढंच सांगायचं असतं गं त्याला, पण संस्कृतातून फिरून येतो. देस्पिना: मग घालवतायत ते बरंच की. कोरल: नको बाई. रविवारी सकाळी शर्ट इस्त्री करून बसतो तो रेडिओपुढे. रेडिओवर कोण बघतंय? पण बसतो. ते गेलं तर मी त्याच्याकडे बघू कशी?
फोन कानाला तसाच होता. प्रू म्हणाली, नेव्हिल, गुणगुण अगदी गेली बरं का. अभिनंदन.

१७ नोव्हेंबर, रविवार.
पत्र रेडिओवर लागलं. प्रूने माझा आवाज हळू केला आणि त्यांचा मोठा. शर्टाचं वाक्य ठेवलं. मी म्हणालो होतो, ते तेवढं काढ. म्हणाली, तेच तर पत्र आहे. मनोलीचा फोन आला. प्रोफेसर म्हणाला नाही. नेव्हिल म्हणाला.
कोरल दिवसभर माझ्याभोवती पाय न वाजवता फिरते आहे. मी म्हणालो, तुला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुलाही नव्हतं. मग दोघंही भोकाकडे बघत बसलो.

१९ नोव्हेंबर.
रेडिओवर श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग आला म्हणे. टायसन रद्द. मी हुरळलो क्षणभर. वाटलं, माझं परत आलं. प्रूने फार हळुवारपणे सांगितलं: रविवारची चार मिनिटं कोरल आणि देस्पिनाला. पुढच्या रविवारपासूनच. मी तांत्रिक सल्लागार म्हणून नाव देऊ केलं. सोळा कोअर, शून्य पंखे, हे सगळं समजावलं. ती म्हणाली, त्या फोनवरच करतील, टेबलावर ठेवून.
कोरल नाही म्हणायला निघाली होती. मी म्हणालो, कर. असं म्हणायचं ठरवलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर.
त्यांचं रेकॉर्डिंग. मला घराबाहेर जायला सांगितलं. वर माझी खुर्ची करकरते. गेटपाशी उभा राहिलो. वीस मिनिटांत झालं. दोघी बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, हसून हसून.

२४ नोव्हेंबर, रविवार.
ऐकलं. कैऱ्या, बसमधला एक मुलगा जो रोज उलट्या बाजूने चढतो, देस्पिनाचा यानिस. चार मिनिटं. कुठेही गरम आहे असं म्हटलं नाही, आणि घाम आला.
कोरल स्वयंपाकघरात भांडी घासण्याचं नाटक करत होती. तिथूनच विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, मधलं जरा लांबलं.
लांबलं नव्हतं.
ती म्हणाली, बरं, पुढच्या वेळी कापते.
मी म्हणालो, कापू नकोस.