माझ्या बाजूचा ब्रेक

६ नोव्हेंबर

आजपासून भिंगरीचा अभ्यास माझ्याकडे! हिची औषधाच्या दुकानात संध्याकाळची पाळी लागली, त्यामुळे सहा ते सात लेक माझ्या ताब्यात. जाताना ही तीनदा म्हणाली, "ओरडू नका हं तिच्यावर." मी ओरडतो? एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. मागे घ्या म्हटलं की पुढे जातात, लोकांच्या कुंपणात घुसतात — मी ब्रसुद्धा काढत नाही. शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा, एक माझ्या पायाशी. शांतपणे माझा दाबतो. म्हणून तर आजवर जिवंत आहे.

आता सहा वर्षांच्या पोरीकडून पहिलीचं पुस्तक वाचून घ्यायचं. त्यात काय एवढं!

७ नोव्हेंबर

एक तास. एक ओळ. तेवढ्यात तिला दोनदा तहान लागली, एकदा शू लागली, आणि ससा रात्री कुठे झोपतो हे कळल्याशिवाय तर पुढे जायचंच नव्हतं. ओरडलो नाही. घसा मात्र बसलाय.

१५ नोव्हेंबर

जमलं! युक्ती बसण्यात होती. समोरासमोर बसायचंच नाही. टेबलाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या, अगदी गाडीतल्यासारख्या. पुस्तक तिच्यापुढे. "मांजर…" म्हणाली आणि थांबली. "मुंगी…" थांबली. "मा… माकड! माकड झाडावर चढले!" मी चकार शब्द बोललो नव्हतो! पोरगी आपली चूक आपण सुधारते! लगेच हिला फोन लावला. "दुकानात गर्दी आहे," म्हणाली. तरी सांगितलंच.

२८ नोव्हेंबर

आज अख्खं पान. जिथे चुकली तिथे स्वतःच थांबली. गाडी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना सांगून झालं. बँकेतल्या काकू वळण घेत होत्या तेव्हाही सांगत होतो. त्या म्हणाल्या, "सर, आधी समोर बघा."

५ डिसेंबर

डोकं फिरलंय. भिंगरीच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. म्हणे तिला एक शब्द वाचता येत नाही! मी म्हटलं, घरी पानच्या पान वाचते. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसा काही मीच थापा मारतोय. मग म्हणाल्या, "वाच म्हटलं की ती टेबलाखाली वाकून बघते. काय हरवलंय विचारलं, तर म्हणते, बाई, तुमचे पाय कुठे आहेत?"

आता बाईंच्या टेबलाला पुढून फळी आहे, त्याला मी काय करू? शिकवता येत नाही आणि म्हणे पाय!

पण जाता जाता एक बोलल्या ते लागलं. मार्चमध्ये प्रत्येक मुलाला एक न पाहिलेलं पान वाचायला देतात. नाही आलं तर पुन्हा पहिली. तिची जिवलग मैत्रीण दुसरीत आणि ही इथेच. घरी येताना स्कूटरवर मागून विचारते, "बाबा, पुन्हा पहिली म्हणजे पुन्हा तोच ससा?" हेल्मेट होतं ते बरं झालं.

९ डिसेंबर

हिची सुट्टी. आमचा अभ्यास बघत दारात उभी होती. दोन मिनिटांत जी हसायला लागली, की खालीच बसली! मी म्हटलं, "काय झालं?" डोळे पुसत म्हणते, "अहो, ती पुस्तकात बघतच नाहीये. तुमचा गुडघा वाचतेय!"

खरं होतं!! ती चुकली की माझा उजवा पाय खाली जातो. खटकन. ब्रेकवर! मला पत्ताच नाही. "मांजर" — खट. "मुंगी" — खट. "माकड" — पाय गप्प. म्हणजे माकड! चित्रात काय आहे बघायचं, एकेक नाव टाकून बघायचं, आणि बाबांचा पाय थांबला की झालं वाचन.

भिंगरीला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? म्हणाली, "हो. वाचन असंच असतं ना?"

महिनाभर मी तिला माझा पाय शिकवला. लाज वाटते. बाईंना काय काय बोललो मनात!

१० डिसेंबर

पाय बादलीत घालून बसलो. पाणी मुद्दाम काठोकाठ. भिंगरी: "सिंह…" डुबुक. "बाबा, पाणी हललं. सिंह नाही."

११ डिसेंबर

पलंगावर मांडी घालून. आज भुवया वाचल्या.

१२ डिसेंबर

तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. ती चुकली की कागद चुरचुरतो म्हणे! शेवटी उशीचा अभ्रा डोक्यावर ओढून घेतला. तेवढ्यात शेजारचे आजोबा शिडी मागायला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी म्हणाली, "बाबा अभ्यास करतोय." आजोबा शिडी न घेताच गेले.

१७ डिसेंबर

मनात शंका आली म्हणून शिकवणीच्या गाडीत पाय वर घेऊन बसलो. बँकेतल्या काकूंनी चौकात लाल दिवा सरळ तोडला! रस्ता मोकळा होता म्हणून वाचलो. किंचाळलो तर मलाच म्हणतात, "तुम्ही दाबला नाहीत, मला वाटलं जायचंय!"

काकू लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्यात. मी त्यांना घाबरट म्हणायचो.

घरी येऊन हिला सांगितलं. मला वाटलं, पुन्हा हसेल. हसली नाही. म्हणाली, "उतरा की मग. थोडा वेळ तरी उतरा."

शिकणारा गाडीत असताना मी उतरत नाही! नियम आहे!

४ जानेवारी

उतरलो. म्हणजे बाथरूममध्ये जाऊन बसलो. दार लावलेलं, भिंगरी बाहेर जमिनीवर. मी बादली उपडी घालून तिच्यावर. पुस्तकही दिसत नाही आणि मी तिला दिसत नाही.

पाच मिनिटं काहीच आवाज नाही. "भिंगरे?" "हं." "वाचतेस ना?" "तू काहीच करत नाहीयेस, मग मला कसं कळणार?" आणि रडायला लागली. मीही आत बसून… जाऊ दे.

दार उघडलं नाही. म्हटलं, एकेका अक्षरावर बोट ठेव आणि चूक बिनधास्त. तिने विचारलं, "किती चुका चालतील?" म्हटलं, हव्या तेवढ्या. असं वाक्य मी धंद्यात आजवर उच्चारलेलं नाही.

१९ जानेवारी

रोज तोच कार्यक्रम. पन्नास मिनिटांत चार ओळी. मधल्या वेळात मी नळाची गळती काढली, आरसा घासला, साबणाच्या वेष्टणावरचं सगळं वाचून काढलं. ही म्हणते, बाथरूम इतकी स्वच्छ कधी नव्हती.

८ फेब्रुवारी

हे लिहून ठेवलंच पाहिजे. बाहेरून आवाज आला, "गाय झाडावर बसली." मी आत दात आवळले, मूठ आवळली, पाय तर बादलीला घट्ट दाबून धरला. आता ओरडतो की मग! तेवढ्यात बाहेर सगळं गप्प. मग खुदकन हसल्याचा आवाज. "गाय? गाय कशी बसेल झाडावर! आपटेल ना!" पुन्हा गप्प. बोट फिरत असणार. "घा… र. घार! घार झाडावर बसली!"

कुणी थांबवलं नव्हतं तिला. मी तर नव्हतंच.

बाहेर आलो आणि उचलून घेतलं. तिने नाक मुरडलं. "बाबा, तुला फिनेलचा वास येतोय."

२ मार्च

पंधरा दिवस राहिले. रोज एक पान, पण सावकाश. चुका आहेत. काही कळतात, काही तशाच पुढे जातात. हिने विचारलं, "होईल ना हो?" म्हटलं, होणार म्हणजे काय, होणारच! आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

१६ मार्च

उद्या. भिंगरी ढाराढूर झोपली आहे. मीच तिचं दप्तर तीनदा तपासलं. त्यात पेन्सिली सात निघाल्या आणि एक चमचा.

१७ मार्च

पालकांनी बसलं तर चालतं, म्हणाल्या बाई. नको म्हणायला हवं होतं, पण बसलो. त्या एवढ्याशा खुर्चीत, भिंगरीच्या समोर. पुस्तक नवं कोरं, मला उलटं दिसत होतं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी तिने वाचली, "कोंबडी गाडी चालवते."

कोंबडी! गाडी! माझा पाय खटकन खाली. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

भिंगरी थांबली. माझ्या बुटाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, मीच बुडवलं पोरीला. मग तिने पुस्तकात बघितलं, एकेका अक्षरावर बोट ठेवलं, आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, कोंबडीच आहे." आणि पुढे वाचायला लागली.

एकवीस वर्षांत मी ब्रेक दाबला आणि समोरचा थांबला नाही, असं पहिल्यांदा झालं. बाईंनी मला हाताला धरून वर्गाबाहेर काढलं. खुशाल गेलो.